दोनदा वजा केलेली दिवाळी

घर क्रमांक चाळीस हजार सहाशे बारामधली बाई भलतीच बोलकी निघाली. तेल महागलं म्हणून भाजीची फोडणी कमी केली, मुलाची शिकवणी बंद करावी की नाही यावरून नवऱ्याशी धुसफूस चालू आहे, जावेनं नवा मिक्सर घेतला आणि तो मुद्दाम हिच्या डोळ्यांदेखत फिरवते, हे सगळं तिनं पाच मिनिटांत सांगून टाकलं. वर्गातले वीस प्रशिक्षणार्थी हसून हसून बेजार झाले. बाई मात्र कुठंच नव्हती. नागपूरच्या एका गार खोलीतल्या यंत्रांमध्ये तिचा संसार चालला होता आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

"याला छायाकुटुंब म्हणतात," शर्वाणी काळमेघ फळ्याजवळून म्हणाली. "खऱ्या घरांची पाहणी करून, त्यांच्यासारखी कमावणारी, खर्च करणारी, घाबरणारी अशी सव्वा लाख कुटुंबं आपल्या बँकेनं वसवली आहेत. सगळ्यांना मिळून आपण 'वस्ती' म्हणतो. उद्या व्याजदर वाढवला तर देशातली माणसं काय करतील, हे आधी वस्तीला विचारायचं. इतकी वर्षं ती नुसते आकडे द्यायची. एप्रिलपासून बोलायला लागली आहे."

मध्यवर्ती बँकेच्या प्रशिक्षण महाविद्यालयातला तो जूनचा पहिला आठवडा होता. नागपूरचा जून म्हणजे कूलरसमोरची खुर्ची ज्याला मिळाली तो राजा. त्या खुर्चीत बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, ही वस्ती ठोसर सरांनी बनवली ना?"

"पुस्तकात तसंच छापलंय," शर्वाणी म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

पुस्तकात काय, काहीही छापतात हो. वस्ती शर्वाणीनं बनवली होती. सहा वर्षं घासून, लग्नाचं वय घालवून, डोळ्यांचे नंबर वाढवून. संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. विराज ठोसर रोज संध्याकाळी यायचे, "वा, शर्वाणी, वा," म्हणायचे आणि तिच्या टेबलावरची संत्रा बर्फी उचलून जायचे. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा वर एकच नाव होतं, ठोसरांचं. चौथ्या पानाच्या तळटीपेत बारीक टाइपात लिहिलं होतं, 'आकडेमोडीतील साहाय्याबद्दल श्रीमती काळमेघ यांचे आभार.' श्रीमती! तेव्हा ती चौतीस वर्षांची कुमारिका होती, तेवढंही त्या माणसाला माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

हे तिनं गिळलं असतं. बँकेत असं पुष्कळ जण गिळतात. पण त्याच वर्षी वस्तीनं सांगितलं की बाजार थंड पडला आहे, लोक खर्चच करत नाहीत. त्यावर विसंबून बँकेनं व्याजदर धाडकन खाली आणले आणि पैसा स्वस्त केला. प्रत्यक्षात बाजार मुळीच थंड नव्हता. भाव असे भडकले की हिवाळ्यात घाईघाईनं दर दुप्पट चढवावे लागले, आणि हंगामासाठी माल भरणाऱ्या लहान कारखान्यांना धडाधड कुलपं लागली. चौकशी बसली. चौकशीच्या अहवालात शर्वाणीचं नाव पहिल्या ओळीत आलं, वस्तीच्या 'प्रतिमानाची मूळ रचनाकार' म्हणून. यशाच्या कागदावर तळटीप आणि चुकीच्या कागदावर शीर्षक, असा तो हिशोब होता! तिनं मागितलेल्या मूळ फायली 'जागेअभावी' पुसून टाकल्याचं तिला लेखी कळवलं गेलं, आणि ती या महाविद्यालयात येऊन पडली.

हेही एक वेळ तिनं सोसलं असतं. पण कुलूप लागलेल्या कारखान्यांत हिंगण्याचा एक कूलरचा कारखाना होता, तिच्या धाकट्या भावाचा, मोरेश्वरचा. तिनंच त्याला पाढे शिकवले होते, तिनंच त्याला धंद्यात ढकललं होतं. त्यानं पेपरात बहिणीचं नाव वाचलं, एकदा फोन केला, "ताई, हे तू केलंस?" म्हणाला. ती म्हणाली, "मी नाही रे, माझ्याकडं पुरावा नाही, पण मी नाही." त्यानं फोन ठेवला. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. भाऊबीजेला ती दरवर्षी ताट तयार करायची, आणि दरवर्षी ते तसंच आवरून ठेवायची.

तर त्या दिवशी वर्गात धडा होता सणवजावटीचा. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. त्या महिन्यात खरेदी फुगते. तो फुगवटा बाजूला काढल्याशिवाय बाजाराची खरी चाल कळत नाही, म्हणून अर्थशास्त्रज्ञ आकड्यांतून दिवाळी वजा करतात. पोरांना गंमत वाटावी म्हणून शर्वाणीनं त्या बोलक्या बाईलाच विचारलं, "काय हो, दिवाळीला तुमच्याकडं काय काय असतं?"

"सगळंच असतं की," ध्वनिवर्धकातून बाई म्हणाली. "चकली, अनारसे, पोरांना कपडे. फक्त त्या एका साली नव्हतं काही. सासरे गेले ना नवरात्रात. कढईच ठेवली नाही मी. शेजारणीनं आणून दिलं तेवढंच फराळाचं."

"कधीची गोष्ट ही?"

"आठ वर्षं होतील आता."

शर्वाणीनं खडू खाली ठेवला. उगाच, केवळ उगाच, तिनं दुसरं घर उघडलं. अमरावतीच्या मेकॅनिकचं. तो म्हणाला, "त्या साली आमची धाकटी गेली, तापानं. दिवा नाही लावला आम्ही." तिसरं घर मालेगावच्या कापडदुकानदाराचं होतं. "दिवाळी आमची नसली तरी गिऱ्हाईक तर आमचंच असतं बाई. पण त्या साली अब्बा वारले, शटर उघडलंच नाही." चौथ्या घरात आई गेली होती. पाचव्यात नवरा.

तिनं वर्ग सोडला आणि जेवणसुद्धा न घेता संध्याकाळपर्यंत घरामागून घर विचारत बसली. तीनशे घरं झाली. तीनशे मयती निघाल्या, आणि सगळ्या त्याच एका महिन्यातल्या.

मग तिच्या लक्षात आलं. आणि आलं तेव्हा तिला आधी हसू फुटलं, असं भयंकर हसू की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

ठोसरांनी दिवाळी दोनदा वजा केली होती! शर्वाणीनं वस्तीत आकडे भरताना ती आधीच काढून ठेवली होती. ठोसरांना ते ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर तिनं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. तेव्हा साहेबांनी आपल्या हातानं ती आणखी एकदा काढली. एकदा काढली की सणाचा महिना चारचौघांसारखा होतो. दोनदा काढली की तो साध्या महिन्याच्याही खाली जातो. सव्वा लाख घरं अचानक काही विकत घेईनात, तळेनात, दिवे लावीनात. आणि वस्तीचा स्वभावच असा की प्रत्येक घराला आपल्या वागण्याचं कारण लागतं. यंत्रानं शोधलं. भरल्या घरात दिवाळी होत नाही याला आपल्याकडं एकच कारण असतं. सव्वा लाख घरांनी एकेक माणूस मारून टाकलं आणि त्याचं दुःख करत राहिली. पुढच्या वर्षांचे आकडे भरायला शर्वाणीच नव्हती, म्हणून नंतरच्या दिवाळ्या एकदाच वजा झाल्या.

पुढची आठ वर्षं बँक या दुखवट्यातल्या लोकांना विचारून देशाचे दर ठरवत होती. वस्ती खऱ्या माणसांपेक्षा कमी खर्च करते, एवढं ठोसरांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी वस्तीच्या प्रत्येक उत्तराला वरून ठरावीक वाढ द्यायची टूम काढली. तिला 'ठोसर-गुणक' म्हणतात. त्याबद्दल त्यांना परदेशात पदक मिळालं. ठिगळाला पदक! आणि आता गंमत अशी की आठ वर्षांनी घरं सावरत होती. दुःख कमी होत चाललं होतं, बाया पुन्हा नव्या साड्या घेत होत्या. त्यावर गुणकाची वाढ पडली की बँकेला वाटणार, लोक उधळायला निघालेत. बँक दर चढवणार. विनाकारण. शर्वाणीनं कागदावर मांडून पाहिलं. दर ठरवायच्या ऑगस्टच्या बैठकीत पहिल्यांदा, ऑक्टोबरात दुसऱ्यांदा.

त्याच आठवड्यात परिपत्रक आलं, की ठोसर उपगव्हर्नरपदाचे उमेदवार आहेत. बँकेची एक जुनी रीत आहे, पडताळणी म्हणतात तिला. एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसणाऱ्या संशोधकाचं मुख्य काम निवड समितीपुढं, सगळ्यांच्या देखत, पहिल्यापासून पुन्हा करून दाखवायचं. दाखवणारा त्याच्या हाताखालचा नसावा, एवढीच अट. आता वस्ती चालवता येणारी सगळी माणसं ठोसरांच्या हाताखाली होती. एक सोडून. तिला त्यांनी स्वतःच आठ वर्षांपूर्वी हाताबाहेर फेकलं होतं. पडताळणी नोव्हेंबरच्या शेवटी होती, सकाळी अकराला, थेट प्रक्षेपणासह.

शर्वाणीनं होकार कळवला.

मग ऑगस्ट आला. गव्हर्नरांच्या नावे तिनं पत्र लिहिलं, सगळं मांडलं, आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसून राहिली. पाठवलं तर काय होईल? पत्र ठोसरांकडंच अभिप्रायासाठी जाईल. ठोसर गुपचूप दुरुस्ती करतील, आणि नव्या अहवालात पुन्हा पहिल्या ओळीत काळमेघ. हे खरंच होतं. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. तिला ते पाहायचं होतं. तो माणूस चारचौघांत, भर उजेडात, आपल्याच दिवाळीत पाय अडकून पडताना पाहायचा होता. आठ वर्षं ती त्यावर जगली होती. तिनं पत्र पुसलं. बैठकीत दर चढला.

सप्टेंबरात आईचा फोन आला. "मोरूनं पुन्हा शेड घेतलीय गं. चार माणसं ठेवलीत. देवाची कृपा." शर्वाणीला इतका आनंद झाला की तिनं आईला दोनदा बोलायला लावलं. फोन ठेवल्यावर ऑक्टोबरची बैठक तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिनं ती बाजूला सारली. नोव्हेंबरपर्यंतचाच तर प्रश्न आहे, असं स्वतःशी म्हणाली. सगळं उघडं पडलं की दर आपोआप खाली येतील. तोवर दोनेक महिने कळ काढील मोरू. ऑक्टोबरात दर आणखी चढला, आणि ती पडताळणीची तयारी करत राहिली.

समितीच्या अध्यक्षा होत्या रेहाना तांबोळी, निवृत्त सनदी अधिकारी. बाई कमी बोलायच्या आणि सगळं ऐकायच्या. महाविद्यालयाचं सभागृह भरलं होतं. ठोसर पहिल्या रांगेत, राखाडी कोटात, प्रसन्न. शर्वाणीला पाहून ते उठून उभेसुद्धा राहिले. "काळमेघ मॅडम, किती वर्षांनी! आपली जुनी टीम, काय?"

"हो सर," ती म्हणाली. "जुनीच."

पहिला तास तिनं शांतपणे काम केलं. पाहणीचे कच्चे आकडे घेतले, वस्तीची एक रिकामी प्रत उभी केली, महिने पुढं सरकवले. आठ वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर आला तेव्हा तिनं दिवाळी एकदा वजा केली. पडद्यावरची रेघ सरळ गेली. "हे छापलेल्या निबंधाशी जुळत नाही," ती म्हणाली. सभागृहात चुळबूळ झाली. "आता मी तीच दिवाळी आणखी एकदा वजा करते." रेघ खड्ड्यात गेली आणि निबंधातल्या रेघेवर अशी बसली की दोन रेघा आहेत हे दिसेना. दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत जुळत होतं.

ठोसरांचं हसू अजून जागेवर होतं. "अध्यक्षबाई, योगायोगानंही रेघा जुळतात. मूळ फायली उपलब्ध नाहीत हे आपणास ठाऊक आहेच."

"ठाऊक आहे," शर्वाणी म्हणाली. "म्हणून मी साक्षीदार आणलेत." आणि तिनं प्रयोगाची प्रत बंद करून बँकेची चालू वस्ती उघडली, जिच्यावर कालपर्यंत देशाचे दर ठरत होते. "अध्यक्षबाई, सव्वा लाखांतला कुठलाही आकडा सांगा."

तांबोळींनी आपल्या गाडीचा क्रमांक सांगितला.

ते घर साताऱ्याकडच्या एका शिक्षकाचं होतं. शर्वाणीनं विचारलं, आठ वर्षांपूर्वीची दिवाळी कशी झाली? "नाही झाली," शिक्षक म्हणाला. "आमचा नंदू गेला त्या साली. सहावीत होता. आकाशकंदील आणून ठेवला होता त्यानं, तो माळ्यावर आहे अजून. बायको काढू देत नाही."

समितीतल्या दुसऱ्या सदस्यानं आकडा दिला. तिसऱ्यानं दिला. मग मागच्या रांगांतून लोक ओरडून आकडे देऊ लागले, आणि प्रत्येक घरातून कुणी ना कुणी उठून आपलं मेलेलं माणूस सांगू लागलं. विसाव्या घराला तांबोळींनी हात वर केला. "पुरे."

"सव्वा लाख आहेत," शर्वाणी म्हणाली. "सगळी एकाच महिन्यात गेली. सर, तुम्ही एकदा विचारलं असतंत तर एकही गेलं नसतं. बाहेरची खरी माणसं बुडाली ती वेगळीच. त्यांच्यासाठी तुम्ही माझं नाव वर घातलंत. आज ते खाली उतरवा आणि तुमचं घाला. इथंच. सगळ्यांच्या देखत."

ठोसर उभे राहिले. पडद्यावर उघडलेल्या त्या घरांकडं पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "मला वाटलं होतं, तू काढली नसशील." मॅडम गेलं आणि आठ वर्षांपूर्वीचं तू परत आलं. एवढं पुरेसं होतं. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही, पण शर्वाणीला आतल्या आत असं गार वाटलं की विचारू नका. तिला तहान लागली होती, तीही गेली.

तांबोळींनी चष्मा काढला. "हे दुरुस्त होतं का?"

"होतं. त्या महिन्याला एक दिवाळी परत द्यायची. घरं तिथून पुन्हा घडतील."

"आणि ती गेलेली माणसं?"

"गेलेलीच नसतील."

"पण या घरांनी आठ वर्षं जे सोसलं ते?"

शर्वाणीनं वस्तीचा पडदा मिटवला. तांबोळींनी आग्रह धरला नाही. जुना अहवाल रद्द, काळमेघ यांचं नाव निर्दोष, उमेदवारी मागे, दरांचा तातडीनं फेरविचार, असा त्यांनी तोंडी निकाल दिला आणि उठल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात ठोसर एकटेच खांबाला टेकून उभे होते. कोट काढून हातावर घेतला होता. शर्वाणी मान ताठ ठेवून पुढं निघाली.

"जूनपासून माहीत होतं ना तुला?" ते मागून म्हणाले. "वस्तीला कुणी काय विचारलं याची नोंद राहते. आत्ता पाहिली मी."

ती थांबली. "हो."

"ऑगस्टात का नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"मी नसतं ऐकलं," ठोसर म्हणाले. "पण बैठकीत आणखी पाच जण बसतात. त्यांनी ऐकलं असतं."

"तुम्ही मला शिकवू नका," ती म्हणाली. आवाज चढला होता. "तुम्ही तर मुळीच नाही!" आणि ती तरातरा पायऱ्या उतरून आवारात आली. नोव्हेंबरचं कोवळं ऊन पडलं होतं. नालायक माणूस, शेवटपर्यंत नालायक! पण आवारात चालताना ती बैठकीतल्या त्या पाच जणांची नावं मनाशी मोजत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव आलं आणि तिला ते दोनदा वाचावं लागलं. मोरेश्वर.

"ताई," तो म्हणाला. आणि मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. "ताई, मी पाहून राहिलो होतो सगळं. आईपण होती. मी... आठ वर्षं ताई. मी तुझ्याशी काय वागलो गं."

"वेडा आहेस का? रडू नकोस." ती स्वतःच रडत होती, आवारातल्या झाडाला धरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता. "तुझी काय चूक? कागदावर तसंच लिहिलं होतं."

"या वर्षीची भाऊबीज गेली. पण येऊ का मी? आज संध्याकाळी येऊ?"

"अरे ये ना! विचारतोस काय? ये. तुझ्या सुमनला आण, आईला आण. जेवायलाच ये."

"येतो." तो हसला, लहानपणी हसायचा तसा. मग त्याचा आवाज जरा खाली आला. रागानं नाही, एखाद्यानं रस्ता विचारावा इतक्या साधेपणानं त्यानं विचारलं, "ताई, एक सांगशील? ऑक्टोबरात दर चढला, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी चौघांनाही घरी पाठवलं. शेड बंद आहे तेव्हापासून. आईला सांगितलं नाही अजून. हे जे तू आज दाखवलंस, ते तुला ऑक्टोबरच्या आधी कळलं होतं, का नंतर?"